रिकामी पुंगळी कशी वाचायची

.३०-०६ या मापाच्या रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, म्हणजे बाहेरचं पितळी कवच, वजनाला साधारण तेरा ग्रॅम भरते. पाऊणशे-ऐंशी पुंगळ्या तराजूत टाकल्या की किलोभर पितळ होतं आणि भंगारवाल्याच्या लेखी विषय तिथंच मिटतो. फुटकी समई, नळाची तोटी आणि ही पुंगळी, सगळं एकाच पोत्यात. पण काडतूस घरी पुन्हा भरणं हा जिथे कायदेशीर छंद आहे, अमेरिकेत तर फारच, तिथला नेमबाज बार संपले की वाकून हीच पुंगळी गवतातून वेचतो, डबीत भरतो आणि डबीवर तारीख टाकतो. काडतुसाचे भाग चार: पुंगळी, तिच्या बुडातली कॅप (बंदुकीच्या पिनचा ठोका बसला की पेटते ती), आतली दारू आणि तोंडातली गोळी. बार उडाला की बाकीचे तीन कामातून जातात. उरते ती पुंगळी, आणि चारांत किंमतही बहुधा तिचीच जास्त.

उरते म्हणजे जशीच्या तशी उरते असं नाही. एकाच पेटीतल्या, दिसायला सारख्या दोन पुंगळ्यांपैकी एक आणखी पाच बार सहज झेलेल आणि दुसरी पुढच्याच बाराला कमरेत तुटेल. हा फरक चटकन दिसत नाही, कारण तो धातूच्या पोटात साठलेला असतो. तो कसा ओळखायचा, पितळ कशानं टिकतं आणि कशानं सडतं, एवढंच या लेखात आहे. दारू किती, कॅप कुठली, गोळी किती खोल बसवायची, यातलं काही इथे सापडणार नाही. का, ते आधी सांगून टाकू.

परवाना बंदुकीचा असतो, काडतूस भरण्याचा नव्हे

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. जावळी-पाटणकडे रानडुकरांपासून पीक राखायला रीतसर परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, मग परत मिळते, सगळा व्यवहार सरळ. पण बंदूक रीतसर आहे म्हणून काडतूस घरी भरायलाही हरकत नसावी, हा समज फार महागात पडेल. त्या दोन परवान्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग नुसती रिकामी पुंगळी जवळ ठेवली तर? इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कलम २ मधल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही 'दारूगोळा' या शब्दातच मोजले आहेत. म्हणजे शब्दशः धरलं तर पुंगळीही त्यात येऊ शकते. पण कलम ४५ च्या 'डी' या उपकलमात सूट आहे: शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ भाग जवळ असेल आणि तो त्याच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल, तर कायदा लागू होत नाही. मुद्दा वस्तूचा नाही, इराद्याचा आहे. शोकेसमध्ये आजोबांच्या पदकांशेजारी उभी असलेली एक पुंगळी ही आठवण. तीच पुंगळी दीडशेच्या संख्येत, धुऊन, कॅप काढून, शेजारी दारूचा डबा आणि साचे मांडून ठेवली तर तिला आठवण कोण म्हणेल?

फौजी घरांसाठी आणखी एक सांगायला हवं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घराघरात कुणी ना कुणी पलटणीत होता किंवा आहे. फौजेत फायरिंगनंतर 'खोके', म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, मोजून जमा करायचे असतात हे त्या घरांना सांगायला नको. ते पितळ सरकारी मालमत्ता असतं. रेंजवरून उचललेली पुंगळी खिशात घालून आणणं ही म्हणून साधी गंमत नव्हे. आणि लष्कराच्या फायरिंग रेंजच्या आसपास भंगार वेचायला तर जाऊच नये. न फुटलेला गोळा उचलताना किंवा फोडताना माणसं गेल्याच्या घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. असं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं.

पुंगळीचं कीचेन करून फिरणाऱ्यांना सल्ला एवढाच की विमानतळावर ते घेऊन जाऊ नका. क्ष-किरणांच्या पडद्यावर रिकामी आणि भरलेली यातला फरक सांगत बसायची वेळ येते, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

पितळच का

काडतूस हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आला, आणि मुळात काडतूस कागदाचं होतं. १८५७ चा भडका ज्यावरून उडाला ती काडतुसंही चरबी लावलेल्या कागदाचीच. पितळ आलं ते एका अडचणीवर उपाय म्हणून. बंदूक मागून भरायची म्हटली की मागची फट बंद करायला काहीतरी हवं, नाहीतर तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येईल.

ही फट बुजवायचं काम पुंगळी करते. .३०-०६ च्या काडतुसात दाब ६०,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचावर इतके पौंड) जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज घ्या. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागापुरताच असतो. तेवढ्या वेळात पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती पुन्हा किंचित आकसते. हे आकसणं झालं नाही तर पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसेल आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागे ओढताना घाम फुटेल.

पोलादही ताणल्यावर मागे येतं, मग पितळात काय विशेष? दोन्ही सारख्याच ताकदीची घेतली तरी पितळ पोलादाच्या जवळपास दुप्पट ताणून मागे येतं, कारण ते जात्याच कमी ताठ आहे. फुगायला सोपं, सुटायलाही सोपं. शिवाय ते गंजत नाही, आणि लोखंडावर घासलं तरी चेंबरला ओरखडा काढत नाही.

यासाठी वापरतात ते पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जस्त यापेक्षा बरंच वाढवलं की पितळ स्वस्त पडतं, पण थंड असताना ओढायला गेलं तर तडकतं. सत्तर-तीसचं पितळ सगळ्यांत जास्त ओढता येतं. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत प्रेस शॉपवर काम केलेल्या माणसाला पुढची गोष्ट एका ओळीत कळेल: पत्र्याची चकती, तिचा कप, कपाचा लांब नळा, प्रत्येक ओढीनंतर भट्टी, मग पुन्हा ओढ. शेवटी बुडावर ठसा आणि पुढच्या बाजूला खांदा (नळा निमुळता होतो ती जागा) व मान (गोळी धरणारा अरुंद भाग).

ठोकलं की कडक, तापवलं की मऊ

पुंगळीचं सगळं आयुष्य या एका गुणावर चालतं. तांबट घागर घडवताना पाहिला असेल तर हे माहीतच असेल. पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो, एका टप्प्यानंतर हातोडीला दाद देत नाही, आणि तरीही ठोकत राहिलं तर कडेला चीर पडते. म्हणून तांबट मधेच तो भट्टीत धरतो, लालसर होऊ देतो, आणि पत्रा पुन्हा नरम.

उलट बाजू पाहायची तर मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहा. खर्जाला पितळेची तार लावतात. ती ओढून ओढून कडक केलेली असते, म्हणूनच ताण सहन करते आणि बोलते. तीच तार मेणबत्तीवर धरून तापवली तर दिसायला तशीच राहील, पण खुंटी पिळायला लागताच लांबत जाईल. धातू तोच, मिश्रण तेच, फक्त आतली घडण बदलली.

चांगल्या पुंगळीत हे दोन्ही स्वभाव एकाच तुकड्यात असतात. बूड कडक आणि जाड, आत चार-पाच मिलिमीटर भरीव पितळ, कारण कॅप तिथे घट्ट बसायची असते आणि सगळा धक्का तिथेच येतो. मान मऊ आणि पातळ, साधारण एक तृतीयांश मिलिमीटर, कारण तिला पटकन फुगून भिंतीला चिकटायचं असतं. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते. पुष्कळ लोक तो डाग खराबी समजून घासून काढतात. वास्तविक ती कारखान्यात शेवटी मानेला ताव दिल्याची खूण. इतर बरेच कारखाने माल चकचकीत दिसावा म्हणून ती पॉलिश करून घालवतात, एवढंच.

आता प्रत्येक बाराला काय होतं ते बघा. पुंगळी फुगते, आकसते. पुन्हा भरणारा तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणतो. म्हणजे एका फेरीत दोनदा ठोकणं झालं. दर फेरीला मान थोडी जास्त कडक होते, आणि कडक पितळ एक दिवस फुगण्याऐवजी फाटतं. जास्त दाबाच्या रायफलच्या पुंगळीत पाच ते दहा फेऱ्यांत काही ना काही लक्षण दिसू लागतं. .३२ रिव्हॉल्व्हरच्या कमी दाबात तीच धातूची जात कित्येक पट जास्त टिकते.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

पहिलं काम चुंबकाचं. चिकटली तर ती पितळेचा मुलामा दिलेली पोलादी पुंगळी. बाजूला टाका. पांढरी दिसणारी, निकेलचा मुलामा दिलेली पितळी पुंगळी वेगळी, ती चुंबकाला दाद देत नाही.

मग बूड वाचायचं. ठशावर कारखान्याची खूण आणि बोअर (काडतुसाचं माप) असतो, लष्करी मालावर बहुधा सालही. आपल्याकडे 'केएफ' ही अक्षरं ओळखीची आहेत. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना १८६९ पासूनचा. (जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही लहान शस्त्रांचा दारूगोळा होतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातल्या सरकारी कंपनीकडे आहेत.) एकाच ठशाच्या पुंगळ्या एकत्र ठेवतात, कारण वेगळ्या कारखान्याच्या पुंगळीची भिंत जाड-पातळ असते आणि आतली जागा कमी-जास्त भरते. बाहेरून मापं तंतोतंत जुळली तरी आत फरक असतो. जागा कमी म्हणजे त्याच दारूला दाब जास्त.

नंतर तोंडातून आत डोकवा, बुडाशी उजेड धरून. मधोमध एक भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची. दोन बारीक भोकं आणि मधे उंचवटा असेल तर बर्डन. बॉक्सरची कॅप एका सुईनं आतून ढकलून निघते. बर्डनमध्ये ती सुई उंचवट्यावर आपटते आणि मोडते. म्हणून पुन्हा भरणारे बर्डनच्या वाटेला सहसा जात नाहीत. इथे इतिहासाची एक गंमत आहे. एडवर्ड बॉक्सर इंग्रज, वुलिचच्या शस्त्रागारातला. हायरम बर्डन अमेरिकन. दोघांची पेटंटं १८६६ ची. आज अमेरिका इंग्रजाची पद्धत वापरते आणि अमेरिकनाची पद्धत युरोप-आशियाच्या लष्करांत रुळली. लष्करी पुंगळीत कॅप निसटू नये म्हणून कडेनं पितळ चेपलेलंही असतं, ते कापल्याशिवाय नवी कॅप नीट बसत नाही.

यानंतरची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच लोक टाळतात.

बार उडताना पुंगळीचा पुढचा पातळ भाग आधी फुगून चेंबरला चिकटतो. जाड बूड चिकटत नाही, ते दाबाने मागे सरकून बोल्टला टेकतं. पुढचा भाग धरलेला, मागचा ओढला जातोय, मग ताण पडतो तो दोन्हींच्या सांध्यावर, बुडापासून साधारण एक सेंटीमीटर वर. तिथलं पितळ दर बाराला जरासं ताणतं आणि पातळ होतं. बाहेरून कधी चमकदार कडं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. आतून मात्र तिथे चर पडत जातो. कागदाला लावायची साधी क्लिप सरळ करा, टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा काटकोन द्या, ते टोक घासून अणकुचीदार करा. आता ही तार पुंगळीत बुडापर्यंत घालून टोक भिंतीला टेकवा आणि हळू वर ओढा. धडधाकट पुंगळीत ते सलग घसरत येतं. चर असेल तर एका जागी अडखळतं, नखाला कपच्याची कड लागावी तसं. दोनदा-तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी ओढून पाहा. एकाच उंचीवर अडखळलं तर ती पुंगळी संपली. बाहेरून कितीही देखणी असू दे. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होते, बूड बाहेर येतं आणि नळा चेंबरमध्येच राहतो. सोबत तापलेला वायू मागे येतो तो वेगळाच.

हा दोष बंदुकीप्रमाणे कमी-जास्त होतो. .३०३ ची जुनी ली-एनफिल्ड चिखलमातीतही अडू नये म्हणून तिचं चेंबर ऐसपैस ठेवलेलं, त्यामुळे तिच्यातून निघालेल्या पुंगळ्या जास्त ताणतात आणि लवकर मरतात. म्हणूनच कोणाच्या बंदुकीतून निघाली हे माहीत नसलेली, वाटेत सापडलेली पुंगळी जाणकार वापरत नाहीत. तिच्या किती फेऱ्या झाल्या, कशा झाल्या, सांगणार कोण?

राहिलेल्या खुणा सोप्या आहेत. मानेवर उभी चीर, केसाएवढी असली तरी मोडीत. नवी कॅप बोटानं ढकलून जात असेल तर खळगा सैल झालाय, मोडीत. तोंडाची कड चेपली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर ती गोल करता येते, घाबरायचं कारण नाही. काजळी म्हणजे नुसती काजळी.

लांबीही मोजतात, व्हर्नियरनं. ताणलेलं पितळ साच्यात दाबलं की पुढे सरकतं आणि मान लांबते. .३०-०६ ला कमाल लांबी ६३.३५ मिलिमीटर, कापून साधारण ६३.१ वर आणतात. अर्ध्या मिलिमीटरनं काय बिघडतं असं वाटेल. पण लांबलेली मान चेंबरच्या पुढच्या कडेत शिरते, तिथे आवळली जाते आणि गोळी चिमटीत पकडल्यासारखी होते. गोळी सुटायला उशीर, तेवढ्यात मागे दाब वाढतो.

धुणं, आणि शिसं

काजळीत नुसता कोळसा नसतो. बहुतेक कॅपमध्ये शिशाचा क्षार, लेड स्टिफनेट, असतो आणि बार उडाला की त्याची धूळ पुंगळीच्या आतबाहेर बसते. शिसं हळूहळू अंगात साठतं आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. म्हणून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, घरच्या पातेल्यात नाही, मुलांच्या हातात नाही. हातमोजे घालावेत आणि काम झालं की साबणानं हात धुवावेत, मगच तंबाखू किंवा चहा. कोरडी पुंगळी फुंकून साफ करायची सवय सर्वांत वाईट.

धुण्यासाठी लिटरभर गरम पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्व आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. पाच ते दहा मिनिटं हलवत राहायचं, दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळायचं आणि उन्हात वाळवायचं. एप्रिलमधलं सांगली-मिरजेचं ऊन याला कुठल्याही यंत्रापेक्षा बरं. तव्यावर किंवा गॅसवर वाळवू नये. बूड सुमारे २५० अंशांच्या पुढे तापत राहिलं की मऊ व्हायला लागतं, आणि मऊ बुडाची पुंगळी कायमची बाद.

आपल्याकडे पितळ म्हटलं की हात चिंचेकडे जातो. देवाच्या भांड्यांना ती उत्तम. पण आंबट पाण्यात पितळ तासन् तास पडलं की पृष्ठभागावरचं जस्त विरघळतं, तांबं मागे राहतं आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. लिंबूसत्वाचंही तेच, प्रमाण दुप्पट-तिप्पट केलं किंवा रात्रभर बुडवून ठेवलं तर. चमक आणायच्या नादात धातूच खरवडला जातो.

अमेरिकेत फिरत्या ड्रममध्ये मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भरडा घालून पुंगळ्या घासतात. चमक सुरेख येते, पण त्या भरड्याची धूळ शिशानं भरलेली असते. हल्ली बरेच जण पाणी आणि स्टेनलेसच्या बारीक सुया वापरतात ते त्याचसाठी.

गोठा, पोल्ट्री आणि युरियाची पोती

शोकेसमधल्या एका पुंगळीलाही हे लागू आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेत एक कोडं होतं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची, आणि पाऊस ओसरल्यावर बाहेर काढली की कित्येकांच्या माना आपोआप तडकलेल्या. कुणी हात लावला नव्हता, एकही बार उडाला नव्हता. ऋतू बदलला की चिरा, म्हणून या रोगाला नावच पडलं 'सीझन क्रॅकिंग'. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन धातुशास्त्रज्ञांनी कारण उलगडून दाखवलं: अमोनिया. घोड्यांच्या मुतातून सुटणारा वायू, पावसाळी दमट हवा आणि पितळात दडलेला ताण, तिन्ही एकत्र आले की धातूच्या कणाकणांमधली जोडणी सुटते. तिन्हींपैकी एक काढा, तडा जात नाही. मानेला कारखान्यात शेवटचा ताव देतात तो यासाठीही. ताण गेला की अमोनियाला धरायला काही उरत नाही.

आता आपल्याकडच्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गोठ्याशेजारची खोली, तिथेच युरियाची पोती, पलीकडे कोंबड्यांची शेड किंवा द्राक्षबागेसाठी आणलेलं कोंबडीखत. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. जुन्या पेटाऱ्यातलं पितळ ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पितळ उजळायच्या काही पातळ पॉलिशमध्येही अमोनिया असतो, बाटली उघडली की नाकाला झोंबतो. समईला ते चालतं, काडतुसाला नाही.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून भिंतीला टांगलेली जुन्या घरांत अजून दिसतात. रुबाबदार दिसतं खरं, पण कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि दमटपणा मिळून पितळावर हिरवा, मेणासारखा थर चढतो. रबरबँडनं जुडी बांधली तर त्यातल्या गंधकानं काळे पट्टे उमटतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारी सिलिकाची पुडी, आणि डबा घराच्या कोरड्या बाजूला. एवढं केलं की पन्नास वर्षांत काही होत नाही.

मानेला ताव

कडक झालेली मान मऊ करायची तर तापवायची, पण बूड तापता कामा नये. सगळं कौशल्य या 'पण'मध्ये आहे. जुनी पद्धत अशी: कॅप काढलेल्या पुंगळ्या ताटलीत उभ्या करायच्या, निम्म्या उंचीपर्यंत पाणी ओतायचं, अंधारलेल्या खोलीत मानेवर बारीक ज्योत फिरवायची आणि अंधारात लालसर झाक दिसते न दिसते तोच पुंगळी पाण्यात आडवी करायची. पाच ते आठ सेकंदांचं काम. उजेडात लाल दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झाला. मान शिशासारखी मऊ पडते, गोळी धरत नाही, आणि याला परतीचा रस्ता नाही. पुष्कळजण पुंगळी हातात धरून, चटका बसला की सोडायची असंही करतात. बूड थंड राहिल्याची ती बरी खात्री आहे, बोटांना विचारून.

पाण्यात बुडवल्यानं पितळ कडक होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तो लोहाराचा नियम. पोलाद लाल करून पाणी पाजलं की कडक होतं, विळ्याची धार त्यानंच टिकते. पितळाला पाण्यानं काहीच होत नाही, मऊ ते मऊच. पाणी इथे फक्त उष्णता बुडाकडे उतरू नये म्हणून.

बारा बोअर आणि बावीस

आपल्या भागात रायफलपेक्षा बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक जास्त, आणि तिथे जपण्यासारखं पितळ फारसं नसतंच. नळा प्लॅस्टिकचा, बुडाला पितळी दिसणारी टोपी, ती बरेचदा मुलामा दिलेलं पोलाद. चुंबक लावून बघा. दाबही ११,५०० पीएसआयपर्यंतच, त्यामुळे धातू मरत नाही, मरतो तो प्लॅस्टिकचा काठ, जिथे पाकळ्या दुमडलेल्या असतात. जुनी कागदी नळ्याची काडतुसं पाटण-महाबळेश्वरच्या पावसात फुगायची आणि चेंबरमध्ये शिरायची नाहीत. पूर्ण पितळी बारा बोअरची पुंगळी सापडली तर ती मात्र खरंच टिकाऊ चीज.

एनसीसीत वापरतात त्या पॉइंट टू-टूची (.२२) पुंगळी सहसा पुन्हा भरत नाहीत. तिला वेगळी कॅप नसते, पेटणारं मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या काठातच भरलेलं असतं आणि पिन तो काठच चेपते. चेपला की संपलं. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच ठासतात, तिला तर पुंगळीच नाही.

मोडीत घालताना

आधी ती खरोखर रिकामी आहे का बघायचं. कॅपवर ठोका दिसतो म्हणजे बार उडाला असं नव्हे, ठोका पडूनही न उडालेली काडतुसं असतात. तोंड उघडं, आत काजळी आणि कॅपवर ठोका, तिन्ही असेल तरच रिकामी. कॅपवर ठोकाच नसेल, किंवा गोळी तोंडातच असेल, तर ती भंगार नाही, जिवंत वस्तू आहे. ती पोलीस ठाण्यात द्यायची. हातोडी, पक्कड, आग यांच्या आसपासही न्यायची नाही. भंगारातून भट्टीत गेलेलं एक न उडालेलं काडतूस ओतकाम करणाऱ्याचा डोळा घेऊ शकतं.

परवानाधारकानं एक चौकशी आधीच करावी. देशात काही ठिकाणी नवी काडतुसं घेताना जुन्यांच्या पुंगळ्या परत मागतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत आणि तुमच्या विक्रेत्याकडे विचारून घ्या, मगच पितळ हलवा. मोकळीक असेल तर प्रत्येक पुंगळीचं तोंड पकडीनं चेपून पूर्ण सपाट करायचं, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या साच्यात जाणार नाही. पोलादी आणि पितळी वेगळ्या पिशव्यांत. पितळात चुंबकाला चिकटणारं काही निघालं की भंगारवाला सगळ्या पोत्याचा भाव पाडतो.